सुरमईच्या ट्रोलिंगसाठी ऑटोपायलट : रेवदंड्याच्या बोटीच्या प्रकल्प नोंदी

२६ मे २०२४, रेवदंडा

बोट कुंडलिकेच्या खाडीतून वर काढली. आता नारळी पौर्णिमा होईपर्यंत ती शेडमध्येच राहील. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. आमची मासेमारी हौसेची, रॉड आणि गरीची. तरी पावसाळी दर्यात ही बोट घालायची नाही, हे आमचे ठरलेले आहे. यंदाचा पावसाळा ऑटोपायलट, म्हणजे बोट ठरलेल्या दिशेला आपोआप धरून ठेवणारे यंत्र, निवडून बसवण्यासाठी.

बोटीची माहिती आधी लिहून ठेवतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावरच ठरणार. २६ फुटी उघडी फायबर बोट, मधोमध कन्सोल. मागे १५० हॉर्सपॉवरचे एकच फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेले, वळण्यासाठी स्वतःच फिरणारे इंजिन), थ्रॉटल केबलचा. स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे चाक फिरवले की नळीतले तेल सिलिंडर ढकलते आणि इंजिन वळते. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक इंजिनासाठी आणि एक बाकी सगळ्यासाठी.

गरज साधी आहे. आम्ही दोघेच जातो, मी आणि मेव्हणा. ५ ते ७ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) चालीने ल्युअर, म्हणजे बनावट आमिष, बोटीमागे ओढत (हेच ट्रोलिंग) सुरमई शोधायची म्हणजे एक माणूस सतत चाकाला बांधलेला. मासा लागला की एकाने रॉड धरायचा, बाकीच्या दोऱ्या कुणीतरी गुंडाळायच्या, आणि त्याच वेळी बोट सरळ आणि चालती ठेवायची. बोट थांबली की दोरी सैल पडते आणि सुरमई निसटते. दोन माणसांत तीन माणसांचे काम होत नाही.

त्यात आउटबोर्डची बोट सावकाश चालीत सरळ जातच नाही. तिला खोल कणा नाही, वेगळे सुकाणू नाही. पंखा ज्या दिशेला पाणी फेकतो, त्यावरच वळणे अवलंबून. २० नॉटला ती आपोआप रेषेत राहते, ६ नॉटला नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, डावी-उजवी भटकत राहते. म्हणून ऑटोपायलटची खरी परीक्षा ६ नॉटला. माहितीपत्रकांतली चित्रे मात्र सगळी फेस उडवत धावणाऱ्या बोटींची.

३० मे

शेजारच्या शेडमधले नाखवा येऊन बसले. त्यांची स्वतःची डोल जाळ्यांची बोट आहे, इथून थळपर्यंतचा प्रत्येक खुंट, म्हणजे जाळी बांधायला समुद्रतळात रोवलेला खांब, त्यांना पाठ. त्यांना कल्पना सांगितली: यंत्र बोट हाकेल, आम्ही मागे रॉड सांभाळू. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "आनि म्होरं खुंट आला तं?"

हा प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकात नाही, पण आमच्या किनाऱ्यावर तोच पहिला आहे. रेवदंड्यापासून वर खांदेरीपर्यंत डोलीचे खुंट, तरत्या जाळ्यांचे थर्माकोलचे बोये आणि पाण्याच्या जेमतेम वर असणारे दोर. यातले काही नकाशावर नसते, रडारवर नसते, आणि बोये रोज जागा बदलतात. हिशेब करून पाहिला. ६ नॉट म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३ मीटर. १०० मीटरवर दिसलेला खुंट अर्ध्या मिनिटात नाळेशी. तेवढ्या वेळात मागच्या माणसाने कन्सोलपाशी यायचे, योग्य बटण शोधायचे, पायलट बंद करायचा आणि मग चाक फिरवायचे.

नाखवा म्हणाले, "चाकाला हात लावला की यंत्रानं सोडला पायजे. नाय सोडला तं कामाचा नाय."

हे वहीच्या पहिल्या पानावर अधोरेखित करून ठेवले आहे. ऑटोपायलट दिशा किती अचूक धरतो हे सगळे सांगतात. आमच्यासाठी तो किती पटकन सोडतो, हे आधी.

९ जून

जे पर्याय बाद झाले ते थोडक्यात.

नाळेवर बसणारी विजेची ट्रोलिंग मोटर, जीपीएसने एका जागी बोट धरून ठेवणारी. तळ्यात आणि खाडीत उत्तम. पण आमच्या वजनाची बोट भर दर्यात भरती-ओहोटीविरुद्ध ओढायची तर ३६ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा वेगळा संच लागेल, आणि नाळेवर सतत खारे पाणी. नाही.

इंजिन कंपन्यांची स्वतःची व्यवस्था, उदाहरणार्थ यामाहाची हेल्म मास्टर ईएक्स. एका आउटबोर्डवरही चालते, तिच्यात ऑटोपायलटही आहे. पण तिला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे इंजिन लागते. आमचे केबलचे. इंजिन बदलण्याचा विचार नाही.

भाच्याने पायपायलट सुचवला. मोफत सॉफ्टवेअर, रास्पबेरी पाय या छोट्या स्वस्त संगणकावर चालते, शिडाच्या बोटींवर जगभर लोक वापरतात. त्याने उत्साहाने सर्किटही काढून आणले होते आणि ते मला आवडले. या निमित्ताने यंत्राच्या पोटात काय चालते हे त्याच्याकडून नीट समजून घेतले. पण ज्या यंत्राच्या भरवशावर चाक सोडायचे, त्याचा मोटर ड्रायव्हर, पाण्यापासून बचाव आणि बंद पडण्याची रीत हे सगळे आपणच घडवायचे, याला दोन पावसाळे लागतील. तो प्रयोग घराच्या टेबलावर चालू राहील, बोटीवर नाही.

राहिला तो नेहमीचा मार्ग: हायड्रॉलिक लाइनला जोडलेला विजेचा पंप, दिशा सांगणारा सेन्सर, गणित करणारा संगणक आणि कन्सोलवर एक छोटा पडदा.

१६ जून

आज पंपाचे गणित. हौशी लोक बहुतेक वेळा बोटीची लांबी सांगून संच मागतात. लांबीवरून काहीच ठरत नाही, ठरते ते सिलिंडरच्या आकारमानावरून. आउटबोर्डला डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवायला किती तेल ढकलावे लागते, एवढाच प्रश्न.

ते काढण्याच्या दोन रीती. सिलिंडरचा आतला व्यास, दांड्याचा व्यास आणि पूर्ण चाल मोजून: व्यासाच्या वर्गातून दांड्याच्या वर्गाची वजाबाकी, गुणिले ०.७८५४, गुणिले चाल. दुसरी रीत सोपी. चाकामागच्या हेल्म पंपावर प्रत्येक फेऱ्याला किती तेल जाते ते लिहिलेले असते. आमच्यावर १.७ घन इंच, म्हणजे २८ सीसी. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५ फेरे. २८ गुणिले ५, म्हणजे १४० सीसी. माप घेऊन काढलेला आकडाही त्याच्याच आसपास आला.

आता हे १४० सीसी वेगवेगळ्या पंपांना किती वेळात ढकलता येतील? मिनिटाला ०.८ लिटरचा पंप: साडेदहा सेकंद. १.२ लिटरचा: ७ सेकंद. २.१ लिटरचा: ४ सेकंद.

मोठा पंप घ्यावा असे कुणालाही वाटेल, पण ती चुकीची दिशा आहे. पंप फार जोरकस असला की लहानशा सुधारणेसाठीही तो गरजेपेक्षा जास्त तेल ढकलतो. इंजिन पुढे जाते, मग मागे आणावे लागते, पुन्हा पुढे. बोट नागमोडी चालते, बॅटरी संपते, पंप झिजतो. पंप फार लहान असला तर मागून लाट आली की इंजिन वळेपर्यंत नाळ केव्हाच फिरलेली असते. आपल्यासारख्या बोटीला टोकापासून टोकापर्यंत १० सेकंदांच्या आसपास किंवा त्याहून थोडे कमी, हे मला पटते. म्हणजे ०.८ ते १.२ लिटर. २.१ लिटरचा पंप यादीतून काढला.

मेव्हण्याचे म्हणणे होते की मोठा पंप घेऊन वेग सॉफ्टवेअरमधून कमी करता येईल. येईल, पण जो आकार सरळ बसतो तो सोडून तसे का करायचे?

२३ जून

चार कंपन्यांची कागदपत्रे मांडून बसलो. आळीपाळीने लिहितो, क्रमाला अर्थ नाही.

रेमरीन, इव्होल्यूशन. यांचे पंप प्रकारांनी ओळखतात: ०.५ नंबरचा ५० ते ११० सीसीच्या सिलिंडरसाठी, १ नंबरचा ८० ते २३० सीसीसाठी. आमचे १४०, म्हणजे १ नंबर. त्यामुळे लहान ईव्ही-१०० संच आपोआप बाद आणि ईव्ही-१५० विचारात. सेन्सर फार चांगला. होकायंत्राच्या जुळवणीसाठी वेगळा सोहळा करावा लागत नाही, संथ वळण घेतले की तो स्वतः शिकत जातो. सुकाण्याचा कोन सांगणारा वेगळा सेन्सरही लागत नाही. आउटबोर्डवर ही मोठीच सोय, कारण तो सेन्सर इंजिनाशेजारी फवाऱ्यात बसतो आणि तिथला जोड पहिल्यांदा सडतो.

सिमरॅड. लहान पंपांसाठी नॅक-२, मोठ्यांसाठी नॅक-३ संगणक, सोबत प्रिसिजन-९ होकायंत्र. ०.८ लिटरचा पंप आमच्या सिलिंडरला बसतो. यांच्याकडे एक खास गोष्ट आहे: ठरलेल्या खोलीची रेषा धरून बोट चालवणे. खडपाच्या (पाण्यातल्या खडकाळ भागाच्या) कडेने २० मीटरची रेषा धरून सुरमई ओढायची, ही कल्पना ऐकूनच मोह होतो. पण खोली मोजणारा सेन्सर बोटीच्या खालची खोली सांगतो, पुढची नाही. खांदेरीच्या आसपासचे खडक एकदम वर येतात. तिथे मी हे वापरणार नाही. आणि वापरणार नसेन तर त्यासाठी निवडायचे कशाला?

फुरुनो, नॅव्हपायलट. ही कंपनी मासेमाऱ्यांचीच: १९४८ साली नागासाकीत मासे शोधणारे पहिले व्यवहारात चालणारे यंत्र यांनी केले. मासा किंवा थवा सापडला की त्याभोवती वर्तुळ, आठचा आकडा, वाढते चक्र, असे बोट फिरवण्याचे प्रकार त्यांनी मनापासून बसवले आहेत. शिवाय साबिकी नावाची रीत, ज्यात बोट मागच्या बाजूने वाऱ्याला तोंड देत एका जागेभोवती रेंगाळते. पाण्याच्या तळाशी गरी सोडून बसणाऱ्यांसाठी हे फार उपयोगाचे, आणि यातून एवढे कळते की हे करणारा माणूस स्वतः बोटीत बसलेला आहे. सेफ हेल्म नावाची हाताने ताबा परत घेण्याची सोयही त्यांच्याकडे आहे, त्यासाठी योग्य पंप आणि जोडणी घ्यावी लागते.

गार्मिन, कॉम्पॅक्ट रिअ‍ॅक्टर ४०. १.२ लिटरचा पंप, सुकाण्याच्या कोनाचा वेगळा सेन्सर नको, आणि शॅडो ड्राइव्ह. हा हेल्म आणि पंप यांमधल्या तेलाच्या लाइनवर बसणारा छोटा सेन्सर. चाक हाताने फिरवले की लाइनमधून तेल वाहते, ते त्याला कळते आणि पायलट तिथल्या तिथे हात काढून घेतो. बटण नाही, पडद्याकडे बघणे नाही. बोट काही वेळ एका दिशेने स्थिर चालली की ती नवी दिशा पायलट पुन्हा धरतो.

नाखव्यांच्या अटीला हेच उत्तर सगळ्यात सरळ मिळते. पण यातला शेवटचा भाग, आपोआप पुन्हा धरणे, मला खटकला. जाळ्यांच्या गर्दीतून हाताने वाट काढताना क्षणभर सरळ गेलो तर यंत्र पुन्हा ताबा घेणार. म्हणून ठरवले: गर्दीत शिरण्याआधी पायलट पूर्ण स्टँडबायवर. शॅडो ड्राइव्ह अचानक आलेल्या संकटासाठी.

७ जुलै

पाऊस कोसळतो आहे, शेडमध्ये काम बंद. दिशेचा सेन्सर कुठे बसवायचा याचा विचार केला.

अलिबागकर म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मुंबईत कुलाब्याला १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि तिथल्या प्रवाहाने चुंबकसूया हलतील हे उघड होते. नानाभाई मूस यांनी वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आणली. इमारत चुंबकत्व नसलेल्या साहित्याची. आणि कुलाब्याचा जुना सिलसिला तुटू नये म्हणून १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेतल्या. सूई खरी राहावी म्हणून सगळी वेधशाळा समुद्र ओलांडून हलवणारी माणसे आपल्या दारात काम करून गेली, याचा मला अभिमान आहे. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

बोटीतही तेच करायचे, लहान प्रमाणात. सेन्सरजवळ काय नको: नांगर आणि साखळी, स्पीकर (त्यात चुंबक असतो), लोखंडी शेगडी, वायपरची मोटर, आणि जास्त प्रवाह नेणारी एकेकटी तार. येणारी आणि जाणारी तार एकमेकींना पिळून नेली की त्यांची चुंबकक्षेत्रे एकमेकांना मारतात. हे कुणी सांगत नाही, पण पंपाची तार सेन्सरजवळून जाणार असेल तर फार महत्त्वाचे.

आमच्याकडे एक भाग्य आहे. कोकणपट्टीवर खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक एका अंशाच्याही आत. युरोप-अमेरिकेतल्या बोटवाल्यांना याचा हिशेब सतत ठेवावा लागतो. इथे अडचण फक्त बोटीतल्या लोखंडाची.

जागा शोधायला हातातले होकायंत्र घेऊन बोटभर फिरलो. कन्सोलच्या आत सूई भलतीकडे, तिथे स्पीकर. नाळेतल्या खणात नांगर. कन्सोलच्या पुढच्या बैठकीखाली, मध्यरेषेवर, तळाच्या जवळ, सूई शांत. मध्यरेषेवर आणि खाली असण्याचा आणखी फायदा: बोट डोलते तेव्हा तिथे हालचाल सगळ्यात कमी. खूण केली.

२८ जुलै

निर्णय झाला. कॉम्पॅक्ट रिअ‍ॅक्टर ४०, शॅडो ड्राइव्हसह, पडद्यासाठी जीएचसी २०. मेव्हण्याचा कल शेवटपर्यंत फुरुनोकडे होता आणि त्याची कारणे खरी होती. तळाची मासेमारी हाच आमचा मुख्य छंद असता तर मीही तेच घेतले असते. आम्ही ओढून मासेमारी करणारे, जाळ्यांच्या पाण्यातून जाणारे. त्यामुळे हे.

१८ ऑगस्ट

उद्या नारळी पौर्णिमा. गावात तयारी चालू, आम्ही पंप बसवायला.

पंप कन्सोलच्या आत, हेल्मपेक्षा खाली, आडवा. दोन मुख्य होजमध्ये टी-जोड घालून डावी-उजवी लाइन पंपाला, आणि तिसरी लाइन हेल्मच्या टाकीकडे. ही तिसरी लाइन पंपापासून हेल्मपर्यंत सतत चढती हवी, मध्ये कुठेही खड्डा नको. त्यातूनच अडकलेली हवा वर जाते. शॅडो ड्राइव्ह हेल्म आणि टी-जोड यांच्यामध्ये, समपातळीत, सरळ नळीवर.

मग हवा काढणे. या कामात घाई करायची नाही. तेलात बुडबुडा राहिला तर तो दाबला जातो, पंप फिरतो पण इंजिन हलत नाही. माणसाला चाक किंचित मऊ लागते एवढेच. पायलटला मात्र तो उशीर दिसतो, तो जास्त ढकलतो, आणि बोट डुलत चालते. मग लोक सेटिंगशी झगडत बसतात. आम्ही एकाने चाक फिरवायचे, दुसऱ्याने सिलिंडरच्या निपलवर पारदर्शक नळी धरायची, तिसऱ्याने, म्हणजे भाच्याने, वरून तेल ओतत राहायचे, असे केले. नंतर पंप दोन्ही दिशांना चालवून पुन्हा तेच. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत.

तेल स्टिअरिंगचेच, कंपनीने सांगितलेले. गॅरेजमध्ये कुणी ब्रेक ऑइल देऊ केले तर घेऊ नका, ते सिलिंडरचे सील खाते.

१ सप्टेंबर

वायरिंग. पंपाला बॅटरीपासून जाण्या-येण्याची मिळून १० मीटर तार लागते. १५ अँपिअर धरले तर ६ चौरस मिमी तारेत साधारण ०.४४ व्होल्ट पडतात, १२ मधले साडेतीन टक्क्यांहून जास्त. १० चौरस मिमी घेतली की ०.२६ व्होल्ट, दोन टक्क्यांच्या थोडे वर. तीन टक्क्यांच्या आत ठेवायचे म्हणून १० ची, कल्हई केलेल्या तांब्याची. साधे तांबे खाऱ्या हवेत आतून हिरवे पडते. वायरमनने मोटारीची तार चालेल म्हटले होते, पण शेवटी आणलेली पाहून तोही खूश.

बॅटरीजवळच फ्यूज. स्वतंत्र स्विच. कन्सोलवरून हात सहज पोहोचेल अशा जागी.

एनएमईए २००० चे, म्हणजे बोटीतली उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या तारांचे, जाळे लहान: प्लॉटर (नकाशा दाखवणारा पडदा), पायलटचा संगणक, पडदा, जीपीएस अँटेना. दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे तारेचे टोक बंद करणारे रोध. सगळे बंद ठेवून दोन सिग्नल तारांमध्ये मीटर लावला तर ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एक टर्मिनेटर निसटलेला. आमचे ६० आले. जाळ्याला वीज एकाच जागी दिली, मधोमध.

२२ सप्टेंबर

गणपती झाले, बोट पाण्यात. खाडीत बांधलेल्या अवस्थेतच पहिल्या चाचण्या. पडदा विचारतो त्या क्रमाने: इंजिन डावीकडे गेले का, उजवीकडे गेले का. दिशा बरोबर. टोकापासून टोकापर्यंत वेळ मोजला, ७ सेकंदांच्या जवळ. जूनमधल्या वहीतल्या आकड्याशी जुळला याचे फार समाधान वाटले.

शॅडो ड्राइव्हची चाचणी इथेच केली. पायलट चालू, मेव्हण्याने चाक फिरवले, पडद्यावर लगेच ताबा सोडल्याची खूण. हळू फिरवले तरी, जोरात फिरवले तरी. नाखव्यांना बोलावून त्यांच्या हातांनी करून पाहायला सांगितले. त्यांनी चाक दोन्ही बाजूंना फिरवले, मान डोलावली, आणि मग विचारले, "बॅटरी गेली तं चाक फिरतंय ना?" फिरते. पंप बंद असताना त्यातले व्हॉल्व्ह बंद राहतात आणि हेल्म पूर्वीसारखाच थेट सिलिंडर हलवतो. मुख्य स्विच काढून तेही दाखवले.

६ ऑक्टोबर

समुद्रात पहिली चाचणी. कोर्लईच्या टोकाबाहेर, सकाळी, मतलई वारा मंद, पाणी सपाट. आधी होकायंत्राच्या जुळवणीची संथ वर्तुळे, मग ऑटोट्यून, ज्यात पायलट बोटीला नागमोडी चालवून तिचा स्वभाव शिकतो. हे मोकळ्या पाण्यातच करा. बोट स्वतःच्या मनाने वळते आणि आजूबाजूला कुणाला काही कळत नाही.

इथे भाच्याचे पायपायलटचे धडे उपयोगी आले. सगळ्या ऑटोपायलटांच्या पोटात तीन गोष्टी असतात, नावे वेगळी. एक, ठरलेल्या दिशेपासून जितके ढळलो तितके चाक फिरवणे. दोन, बोट किती वेगाने परत फिरते आहे ते पाहून आधीच उलटे चाक देणे. तीन, वारा किंवा ओढ सतत एका बाजूने ढकलत असेल तर थोडे चाक कायम धरून ठेवणे. हे गणित निकोलस मिनोर्स्की याने १९२२ मध्ये मांडले, अनुभवी सुकाणूधारक कसे वागतात ते बारकाईने पाहून. त्याची चाचणी अमेरिकी नौदलाच्या न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर झाली. चांगला तांडेल (बोट हाकणारा) नाळ जागेवर येण्याआधीच चाक सैल करतो, हे त्याने समीकरणात बसवले. पडद्यावर पहिली गोष्ट रडर गेन, दुसरी काउंटर रडर. एवढे डोक्यात बसले की सेटिंगची भीती जाते.

ऑटोट्यूनने दिलेले आकडे २० नॉटला चोख. ६ नॉटला बोट रेषेभोवती हळूहळू डुलत होती. अपेक्षितच होते: सावकाश चालीत पंख्याचा जोर कमी, म्हणून चाक जास्त लागते. सावकाश चालीसाठीचा रडर गेन टप्प्याटप्प्याने वाढवला. एका जागेनंतर पंप सतत घरघरू लागला, तिथून एक पायरी मागे घेतला.

२६ ऑक्टोबर

अष्टमीचा भांग (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असण्याचा काळ) परवाच होऊन गेला, पाण्याला ओढ कमी. खांदेरीपर्यंत गेलो, रेवदंड्याच्या मुखापासून सुमारे ११ सागरी मैल. जाताना सकाळची शांतता, पायलटला काहीच काम नाही.

खरी परीक्षा परतीला. दुपारी खारे वारे वायव्येकडून सुटतात आणि आपण आग्नेयेकडे घरी येतो. लाट बरोबर मागून, किंचित उजव्या कोपऱ्यावर. लाट मागची बाजू उचलते, नाळ एका बाजूला ढकलली जाते, आणि पंख्याला क्षणभर पकड राहत नाही. इथेच काउंटर रडर कमी असेल तर बोट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घसरत राहते. तो दोन पायऱ्या वाढवला आणि फरक लगेच जाणवला: नाळ फिरायला लागली की पायलट थोडा आधीच उत्तर देऊ लागला. माणसासारखा तो मागे वळून लाट बघू शकत नाही, त्यामुळे मोठी लाट आली की काही अंश ढळतोच. पण परत येताना रेषा ओलांडून पलीकडे जात नाही, आणि मला एवढेच हवे होते. लाट याहून मोठी असेल तर चाक हातातच घ्यायचे.

सुरमई थळच्या बाहेर लागली. मी रॉडवर, मेव्हण्याने बाकीच्या दोऱ्या गुंडाळल्या, बोट त्याच दिशेने त्याच चालीने. मासा बोटीत आल्यावर पुन्हा त्याच जागेवरून फिरायला पानाच्या आकाराचा वळसा वापरला: खूण केलेल्या बिंदूवरून बोट वेगवेगळ्या दिशांनी पुन्हा पुन्हा जाते. दुसऱ्या फेरीत तिथेच आणखी एक.

आणि बोया. थर्माकोलचा, पांढरा, फेसात जवळजवळ न दिसणारा. मेव्हण्याने पाहिला आणि चाक फिरवले. बस. पडद्याकडे कुणी पाहिलेही नाही.

एक बारीक पण महत्त्वाची नोंद: नुसती दिशा धरणे आणि ठरलेल्या बिंदूकडे जाणे यांत फरक आहे. दिशा धरली की बोटीचे तोंड बरोबर राहते, पण पाण्याची ओढ तिला बाजूला नेत असते. उधाणाच्या दिवसांत दीड नॉटची आडवी ओढ असली तर तासाभरात दीड मैल. किनाऱ्यालगत खडप असताना बिंदूकडे जाण्याचीच रीत वापरायची, आणि प्लॉटरवर रेषेपासून किती सरकलो ते पाहत राहायचे.

१० नोव्हेंबर

भाऊबीज आटोपल्यावर उरलेली कामे. बोटीचे नियम कन्सोलवर लॅमिनेट करून चिकटवले:

पायलट चालू असताना एक माणूस पुढे पाहणारच. समुद्रातल्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम हेच सांगतो, आणि यंत्र लावले म्हणून तो सुटत नाही.

इंजिनाच्या किल-स्विचची दोरी (ओढली गेली की इंजिन बंद पडते) कन्सोलपाशी असलेल्याच्या अंगाला. माणूस पाण्यात पडला आणि पायलट चालू राहिला तर बोट सरळ निघून जाते. हा धोका हाताने चालवताना इतका नव्हता.

खाडीत, जेटीपाशी आणि खुंटांच्या रांगेत पायलट स्टँडबाय.

हेल्मच्या टाकीतली तेलाची पातळी सहलीआधी पाहायची. कमी दिसली तर कुठून गळते ते सापडल्याशिवाय निघायचे नाही.

सेटिंगचे आकडे वहीच्या शेवटच्या पानावर, दोन्ही चालींसाठी वेगळे. बैठकीखाली सेन्सरभोवती लाल पट्टी लावून "इथे लोखंड ठेवू नये" असे लिहिले आहे, कारण ती जागा स्टीलचा डबा ठेवायला फार सोयीची आहे आणि पाहुण्यांना कळणार नाही.

वायरलेस रिमोट घ्यायचा की नाही हे बाकी आहे. मागे रॉडपाशी उभे राहून दिशा पाच-दहा अंश बदलता येईल, हे हवेसे आहे. पण रिमोट हातात असला की पुढे पाहणारा माणूसही मागे येऊन उभा राहील, अशी मला शंका आहे. हा हंगाम त्याशिवाय काढू. मेव्हण्याला हे मान्य नाही, तो मार्चमध्ये पुन्हा विषय काढणार आहे.